तीन चाकं, तीन लिंबं

सोमवार, २ फेब्रुवारी. सकाळी १०:४०

डाव्या हाताने लिहितो आहे, कारण उजवा हात ब्रेकवर आहे. अक्षर वाकडं येतं. वही टाकीच्या जागेवर ठेवली आहे. इलेक्ट्रिक गाडीला टाकी नसते, पण जागा असते.

ऑफिसचं बेसमेंट, कोरमंगला. सहा नंबरच्या खांबाशेजारी गाडीवर बसलो आहे. पुढे दोन चाकं, मागे एक. मोटर बंद. जमिनीला उतार नाही असं दिसतं. दिसण्यावर जायचं नसतं.

१०:५५

ऋचा येऊन गेली. टेस्टिंगची प्रमुख, पुण्याची, वय एकोणतीस. म्हणाली, विनोद सर, ब्रेक का धरून ठेवलाय? ग्रिपचा अभ्यास करतोय, असं मी सांगितलं. ती म्हणाली, पार्किंग ब्रेक लावलेला आहे आणि मागच्या चाकाला वीटपण आहे. मी म्हणालो, माहीत आहे.

वीट माहीत नव्हती.

ब्रेक सोडला. गाडी जागेवरच राहिली. नोंद घेण्यासारखी गोष्ट.

संध्याकाळी ६:३०

आज पहिल्यांदा गाडीवर बसलो. पंधरा मिनिटं. पडलो नाही.

हे कोणाला सांगायची गरज नाही. आठ महिने या गाडीचं स्टॅबिलिटी कंट्रोल मी लिहितो आहे. गाडी कशामुळे उलटते, कोणत्या क्षणी उलटते, हे या इमारतीत माझ्याइतकं कोणाला ठाऊक नाही. त्यामुळे बसायची घाई नव्हती. डॉक्टर काय प्रत्येक आजार स्वतः भोगून बघतो?

पण सुशांतने नियम केला आहे. सुशांत म्हणजे कंपनीचा मालक, मुंबईचा, माझ्याहून तेरा वर्षांनी लहान. नियम असा: ज्याचा कोड, त्याची पहिली फेरी. नवीन कोड गाडीत गेला की लिहिणाऱ्याने होसकोटेच्या ट्रॅकवर एक फेरी मारायची, कागदावर सही करायची. मग टेस्ट रायडरने बसायचं. नियम चांगला आहे. मीच मीटिंगमध्ये सर्वात आधी हात वर केला होता. तेव्हा मला तो ब्रेकवाल्यांसाठी आहे असं वाटलं होतं.

बुधवारी माझी फेरी. तयारी पूर्ण आहे.

मंगळवार, ३ फेब्रुवारी

नवीन हेल्मेट आणलं. घरी घालून पाहिलं. एक तास. सवय व्हायला हवी. आईने विचारलं, जेवतानाही घालणार आहेस का? भाकरी आत कुठून घालू?

आमचे पूर्वज घोडदळात होते. वडील नेहमी सांगायचे. सातशे मैल घोड्यावरून येऊन या गावात राहिले. हे रक्तात असतं.

बुधवार, ४ फेब्रुवारी. होसकोटे

फेरी पूर्ण केली. सही केली.

ट्रॅक आठशे मीटरचा. इंडस्ट्रियल एरियाच्या मागे, पलीकडे नीलगिरीची झाडं, मध्ये तारेचं कुंपण. वळणं चार. मला आठ मिनिटं लागली. फेरीचा वेग किती असावा हे नियमात लिहिलेलं नाही. मी तपासलं होतं.

एक कुत्रा बरोबर होता. दुसऱ्या वळणानंतर तो पुढे निघून गेला आणि तिसऱ्या वळणावर बसून माझी वाट बघत राहिला. कुत्र्यांना शिस्त नसते.

टेस्ट रायडर ज्योतिबा कठड्यावर बसून बघत होता. हा गडहिंग्लज बाजूचा. अकरा वर्षं जत्रांमध्ये लाकडी विहिरीच्या भिंतीवर मोटरसायकल फिरवत होता. दोन्ही हात सोडून, तोंडात नोट धरून. अशा माणसाला भीतीचा अनुभव नसतो, त्यामुळे त्याचं मत एकांगी असतं. मी उतरलो तेव्हा म्हणाला, सायेब, पाय दुखत असतील, चालत आल्यागत झालं.

विनोद केला होता. मी हसलो. उतरल्यावरही हेल्मेटची काच खडखडत होती. इंजिनाचं कंपन. (इंजिन नाही. मोटरचं.)

गुरुवार, ५ फेब्रुवारी

ऋचाची मेल. फेरी नामंजूर. कारण: ताशी आठ किलोमीटरच्या खाली स्टॅबिलिटी कंट्रोल झोपलेलं असतं, माझा सर्वाधिक वेग ताशी सहा पूर्णांक चार. म्हणजे ज्याची परीक्षा घ्यायची होती तो कोड जागाच नव्हता. पुढची फेरी सोमवारी, किमान ताशी तीस.

आठची अट मीच लिहिली आहे, हे तिने मेलमध्ये वेगळ्या ओळीत लिहिलं आहे. तशी गरज नव्हती.

तीस.

शुक्रवार, ६ फेब्रुवारी. रात्रीच्या जेवणाआधी

आईला सगळं समजावून सांगितलं. मोठ्याने बोललं की विचार नीट होतात. ती तांदळाची अक्की रोटी थापत होती.

सांगितलं ते असं. दुचाकी वळताना कलते. ही कलत नाही. पुढे दोन चाकं असल्यामुळे ती मोटारीसारखी ताठ राहते आणि माणूस वळणाच्या बाहेर ढकलला जातो. वेग जास्त झाला तर आतल्या बाजूचं चाक जमीन सोडतं. डावीकडे वळलो तर डावं. चाक सुटलं की पुढचं सगळं उजवीकडे होतं.

म्हणून गाडीत सेन्सर आहेत. हँडल किती फिरवलं, तिन्ही चाकं किती वेगाने फिरताहेत, गाडी स्वतःभोवती किती वळते आहे, बाजूला किती ढकलली जाते आहे, किती कलते आहे. हँडल सांगतं, माणसाला कुठे जायचंय. बाकीचे सांगतात, गाडी कुठे चालली आहे. माझा कोड सेकंदात शंभर वेळा दोन्हींची तुलना करतो. बाजूचा जोर ठरलेल्या आकड्याच्या वर गेला, की तो मोटरची ताकद कापतो आणि बाहेरच्या पुढच्या चाकाला ब्रेक लावतो. वळण थोडं सरळ होतं, जोर उतरतो, आतलं चाक जमिनीवर राहतं. तो आकडा आहे ०.५५. म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या निम्म्याहून जरा जास्त.

आई म्हणाली, सरी, कळलं. तुझा कोड म्हणजे मागे बसलेली बायको. तुझे वडील जोरात वळले की मी त्यांचा खांदा धरायची. स्वल्प धरला तर ते सावकाश घ्यायचे. घट्ट धरला तर वळायचेच नाहीत, सरळ जायचे. एकदा असेच थेट भाजीवाल्याच्या गाड्यापाशी गेलो.

मी म्हणालो, हे शास्त्र आहे.

मग ती म्हणाली, तू कधी चालवणार ती? मी म्हणालो, चालवली. कुठवर? मी विषय बदलला नाही. पाणी प्यायला उठलो.

त्याच रात्री, ९:४०

सहा वर्षांपूर्वीचं एकदाच लिहून टाकतो. स्कूटरवर आई मागे होती. सिग्नलला उभे होतो. वेग शून्य. रस्त्यावर वाळू होती, पाय सरकला, पडलो. आईच्या डाव्या मनगटाला सहा आठवडे प्लास्टर. वाळूच होती.

आई म्हणते, बस बाजूने गेली आणि तू दचकलास. बस लांब होती, विनू.

वाळू होती.

त्यानंतर मी माझ्या मागे कोणाला बसवलं नाही. मग स्कूटरही विकली. ऑफिस जवळ आहे, चालत जाता येतं. चालणं तब्येतीला चांगलं.

रविवार, ८ फेब्रुवारी

सुटी असून चार तास काम केलं. दोन सुधारणा.

पहिली. ०.५५ हा आकडा एकट्या रायडरसाठी आहे. मागे माणूस बसला की वजन वर जातं, गाडी लवकर उलटू शकते. मागच्या माणसासाठी बासष्ट किलो धरले. (आई बासष्ट किलो आहे. योगायोग.) खरा हिशेब केला तर ०.४८ येतो. मी ०.२० ठेवला. सुरक्षिततेत कंजुषी कशाला?

दुसरी. आठची अट काढून टाकली. शून्य वेगालाही कंट्रोल जागं राहील. उभी गाडी पडत नाही असं म्हणणारे कधी उभ्या गाडीवर बसलेले नसतात.

कोडमध्ये आकड्याशेजारी शेरा लिहिला. असा शेरा पुढच्या माणसासाठी असतो, म्हणून मनातलं लिहिलं. तिथे कोणी जात नाही.

आता सोमवारची भीती नाही. सोमवारचीच काय, तशी कशाचीच नव्हती.

सोमवार, ९ फेब्रुवारी. होसकोटे, सकाळी ८:१५

पाठीत उसण भरली. टेम्पोतून उतरतानाच.

८:३०

ज्योतिबा म्हणाला, मी मारतो की आधी, सायेब, तुमी बसा. ऋचा अजून आलेली नव्हती. कागद माझ्या हातात होता. पहिल्या फेरीसमोर सही माझी केली. तत्त्वतः कोड माझा, म्हणजे फेरीही एका अर्थाने माझी.

८:५०

तिसरं वळण. ज्योतिबा पंचेचाळीसने आला असेल. त्याने हँडल डावीकडे घेतलं, मी इथून पाहिलं. गाडी वळली नाही. एकदम मंदावली आणि सरळ गेली. मुरुमावरून, कुंपणात.

आवाज तारेचा होता. लांबलचक. मला वाटलं आवाज माझ्या वहीतून येतो आहे.

मी धावलो. पाठ दुखली नाही.

९:२०

ज्योतिबाचा उजवा अंगठा मुरगळला. हेल्मेटवर ओरखडे. गाडी तिन्ही चाकांवर उभी. तो उठून बसला आणि त्याने आधी गाडीकडे बघितलं, मग माझ्याकडे. 

ऋचा येताना दिसते आहे. वही मिटतो.

मंगळवार, १० फेब्रुवारी

मीटिंग. सुशांतने ज्योतिबाला विचारलं काय झालं. तो म्हणाला, ट्रॅकवर धूळ हुती, टायर सरकलं. ऋचा म्हणाली, लॉग बघते. मी बोलणारच होतो. तेवढ्यात सुशांतने पुढचा विषय काढला.

पुढचा विषय: शुक्रवारी वीस तारखेला होसकोटेला डेमो. व्हाइटफील्डच्या एका टेक पार्कच्या सुरक्षा प्रमुख कस्तुरी मॅडम येणार. गस्तीसाठी त्यांना अशा गाड्या हव्या आहेत. आपला पहिला ग्राहक. नवीन गाडी म्हणून पूजाही तिथेच. आणि कंपनीची पद्धत त्यांना दिसावी म्हणून पहिली फेरी, सर्वांसमोर, विनोद सरांची.

टाळ्या वाजल्या. मीही वाजवल्या.

गुरुवार, १२ फेब्रुवारी. दुपारी

पँट्रीत ज्योतिबा भेटला. अंगठ्याला पट्टी. डाव्या हाताने कॉफी पीत होता. मी म्हणालो, धूळ फार होती ना त्या दिवशी. तो म्हणाला, धूळ कुठली? झाडून घेतलं हुतं मीच.

मग हळू आवाजात म्हणाला, सायेब, गाडी भ्यालीया.

मी म्हणालो, गाडीला भीती नसते. तो म्हणाला, मी आत वळवतोय, ही बाहेर पळतीया. बैल भ्यालं की असंच करतंय. वळत न्हाई, नाकासमोर जातंय. मग गाडा पलटी हुतोय त्यो येगळाच. मी इचारलं स्वतःलाच, की ही कुणाला बघून भ्याली? गाडीत तर मी हुतो.

तो माझ्याकडे बघत राहिला. मी कपाकडे.

मान्य करायला हवं, शास्त्र त्याच्या बाजूने आहे. ०.२० म्हणजे साधं वळणही कोडला उलटणं वाटतं. तो बाहेरच्या चाकाला ब्रेक लावतो, मोटर कापतो, वळण सरळ करतो. माणसाला वळायचंय तिथेच गाडी वळायचं सोडते. चाक उचललं जाणार नाही, याची खात्री. कुंपणात जाणार नाही, याची नाही. आई हे रोटी थापताना म्हणाली होती. पण तिच्याकडे आकडे नव्हते.

ज्योतिबाला शब्द दिला. आकडा परत पंचावन्न करतो. तो म्हणाला, करा, आन् बसा बी. तुमच्यासाठी खोटं बोललोय, जत्रंत सुदिक कुणासाठी बोललो न्हवतो.

आजच करतो.

शुक्रवार, १३ फेब्रुवारी

आज झालं नाही. उद्या.

सोमवार, १६ फेब्रुवारी

सराव सुरू. जेवणाच्या खुर्चीवर उलटं बसून तिची पाठ हँडलसारखी धरतो. डावीकडे वळण, उजवीकडे वळण. दुचाकीची सवय मोडायची आहे. या गाडीवर अंग कलवून भागत नाही, ज्या बाजूला जायचं त्या बाजूला हँडल सरळ ओढायचं. तीस फेऱ्या केल्या. एकदाही पडलो नाही. आई दारातून म्हणाली, स्वल्प जोरात घे, मागे मी बसले असते तर झोपले असते.

तिला पूर्वजांबद्दल सांगितलं. घोडदळ वगैरे. ती म्हणाली, अरे, ते घोड्यांना चंदी घालायचे. बसायचे नाहीत. तुझ्या वडिलांना सांगायला आवडायचं.

हे आजच कळायला हवं होतं का?

बुधवार, १८ फेब्रुवारी. दुपारी ४:००

केलं. ०.५५. आठची अट परत घातली. ज्योतिबाला दाखवलं. त्याला स्क्रीनवरचं कळत नाही, पण आकडा वाचला आणि माझ्या पाठीवर थाप मारली. पाठ खरंच दुखली.

मोकळं वाटतं आहे. कोणी काही म्हणो, शब्द पाळणारा माणूस वेगळाच.

परवा बसणार. ताशी तीस. चारही वळणं. लिहून ठेवतो: बसणार.

गुरुवार, १९ फेब्रुवारी. संध्याकाळी ७:१०

ऑफिसात एकटा. उद्यासाठी मागच्या सीटवर ठेवायच्या वाळूच्या पिशव्या न्यायचं काम माझ्याकडे आहे. बासष्ट किलो. लिफ्टपाशी आणून ठेवल्या.

संध्याकाळभर एकच चित्र दिसतं आहे. तिसरं वळण. डावं चाक जमिनीवरून वर येतं. फक्त चाक दिसतं. आवाज नाही.

७:४०

तात्पुरता बदल केला. ०.०५. फक्त माझ्या फेरीसाठी. आठची अट काढली. फेरी झाली की लगेच परत करणार. ज्योतिबाला त्रास नको म्हणून त्याला सांगितलं नाही.

हे शब्द मोडणं नाही. शब्द पंचावन्नचा होता, ज्योतिबाला दाखवला तेव्हा आकडा पंचावन्नच होता.

८:०५

ओला टॉवेल मानेवर ठेवला आहे. ऑफिसात टॉवेल होता हे नशीब.

शुक्रवार, २० फेब्रुवारी. होसकोटे, सकाळी ९:००

आई आली आहे. पूजा म्हटल्यावर तिला थांबवणं शक्य नव्हतं. नारळ, हळदकुंकू, लिंबं तिनेच आणली. चाकाखाली ठेवायला. टेम्पोत ऋचाला विचारत होती, तीन चाकं तर तीन लिंबं, की चार आणायची रीत आहे? ऋचा म्हणाली, तीनच, काकू, चौथं सरांना द्या, उलटीवर बरं. मला उलटी होत नव्हती. खिडकी उघडी हवी होती, एवढंच.

वाळूच्या पिशव्या लिफ्टपाशी राहिल्या.

९:३५

कस्तुरी मॅडम आल्या. उंच, केस पांढरे, बोलणं थोडं. सुशांतने माझी ओळख करून दिली, हे आमच्या सुरक्षेचे जनक. त्यांनी हात पुढे केला. माझा हात ओला होता. त्यांनी रुमाल काढून आपला हात पुसला, शांतपणे.

९:५०

गाडीवर बसलो आहे. हेल्मेट घातलं आहे. पूजा चालू आहे म्हणून लिहिता येतं आहे. पुजारी हार घालतो आहे. तीन चाकांसमोर तीन लिंबं. आईने आणलेल्यांपैकी एक मोठं होतं, ते डाव्या चाकाखाली आलं. ज्योतिबा समोर उभा आहे, अंगठा वर करून. पट्टीवाला.

पायांचं काही कळत नाही. आहेत.

दुपारी १:३०. टेम्पोत

झालं ते क्रमाने लिहितो.

पुजारी म्हणाला, स्वल्प मुंदे. म्हणजे जरा पुढे घ्या, लिंबं चिरडू दे. मी अ‍ॅक्सिलरेटरला पीळ दिला. गाडी वीतभर सरकली. डावं चाक मोठ्या लिंबावर चढलं, उजवं छोट्यावर. डावी बाजू बोटभर उंच झाली. कोड जागा होता. आठची अट नव्हती. बोटभर कलणं म्हणजे उलटणं, असं मीच त्याला शिकवलं होतं. त्याने मोटर कापली, ब्रेक लावला. गाडी थांबली. लिंबू शाबूत.

परत पीळ दिला. परत थांबली. डॅशबोर्डवर लाल अक्षरं: गाडी उलटण्याचा धोका. वेग कमी करा. वेग शून्य होता.

तिसऱ्यांदा. चौथ्यांदा. पुजारी म्हणाला, अशुभ नाही, लिंबू कडक आहे. सुशांत हसत होता, पण फक्त तोंडाने. कुत्रा आला आणि बसला.

आठव्यांदा कस्तुरी मॅडम म्हणाल्या, ही गाडी चोरीला जाणार नाही, हे नक्की.

ऋचाने लॅपटॉप जोडला. सगळ्यांसमोर आकडा वाचला, शून्य पूर्णांक शून्य पाच. मग तारखा वाचल्या. आठ फेब्रुवारी, शून्य पूर्णांक वीस. नऊला ज्योतिबा कुंपणात. अठराला पंचावन्न. काल संध्याकाळी सात चाळीस, पाच. ज्योतिबाने अंगठा खाली घेतला. तेवढंच.

शेरा तिने वाचला नाही. स्क्रीन माझ्याकडे वळवली. मी लिहिलेलं होतं: मागे आई आहे. पडू देऊ नको.

मी म्हणालो, पाठ. उसण. सुशांत म्हणाला, सर, उतरा.

उतरताना पाय अडकला. ज्योतिबाने धरलं. उजव्या हाताने, अंगठा सांभाळून. मी म्हणालो, ज्योतिबा, मी… तो म्हणाला, ऱ्हाऊ द्या, सायेब. उन्हात हुबं ऱ्हाऊ नका.

कस्तुरी मॅडम म्हणाल्या, उद्या सकाळी सात वाजता परत येते. लिंबाशिवाय चालेल. आणि मागे माणूस बसल्यावर कशी चालते ते बघायचंय. सुशांतने मला सांगितलं, पिशव्या तेवढ्या आणा. तेवढ्या हा शब्द त्याने सावकाश उच्चारला.

टेम्पोत आई शेजारी आहे. मोठं लिंबू पदराने पुसून तिने पिशवीत ठेवलं. म्हणाली, ऋचा सांगत होती, तुझ्या मशीनमध्ये माझं वजन लिहिलंय. मी म्हणालो, अंदाजे. ती म्हणाली, साठ आहे आता. उतरलंय.

मग पिशवीचं तोंड बांधून म्हणाली, बस लांब होती, विनू.

मी वाळूचं काही बोललो नाही. उद्या फेरी मागून घेणार आहे. उद्या नक्की. ०.५५ वर, ताशी तीस, चारही वळणं.

शनिवार, २१ फेब्रुवारी. सकाळी ९:१०

पिशव्या विसरलो. आई आली होती.

रात्रीतून आकडा ऋचाने बसवला, म्हणून नियमाप्रमाणे पहिली फेरी तिची. ताशी चाळीस. सही केली. मग ज्योतिबा बसला. मागच्या सीटवर वजन हवं होतं. आई पुढे झाली. सुशांत नको म्हणत होता. आईने चप्पल काढली, हेल्मेट मागितलं, बसली. ज्योतिबाला म्हणाली, निधान नको रे, सावकाश नको, जोरात घे.

लिंबं तिने पुन्हा ठेवली होती. तिन्ही चिरडली.

नऊ फेऱ्या झाल्या. तिसऱ्या वळणावर मोटरचा आवाज दरवेळी क्षणभर खाली यायचा, मग परत वर. चाकं तिन्ही जमिनीवर होती. मी मोजत होतो. आईचा डावा हात ज्योतिबाच्या खांद्यावर होता. हलकाच.

कस्तुरी मॅडमनी गाड्या मागवल्या.

मी सावलीत उभा होतो. हेल्मेट घातलेलं होतं. आई उतरून माझ्याकडे आली आणि तिने हनुवटीखालचा पट्टा सोडवला. मला तो सुटत नव्हता.